बेसीचा डावा दांडा

"बेसीनं सिलसला मारलेलं नाही. हे मला उद्या सकाळी अकराच्या आत सिद्ध करून हवंय."

ऑबेड ग्रिमशॉच्या शेफील्डमधल्या कचेरीत शिरताच मार्था स्टॅनिफोर्थनं हे वाक्य टाकलं. आधी ना नमस्कार, ना चमत्कार. तिशीची बाई, अंगात बापाचा जुना कोट, नखांत काळं तेल. ग्रिमशॉनं खुर्ची पुढे केली तर म्हणाली, "बसायला वेळ कुणाला आहे?"

कॅप्टन लायनेल बॅरट खिडकीशी टोस्ट खात उभा होता. चौदा वर्षं घोडदळात काढलेला हा माणूस आता ग्रिमशॉच्या तपासात सोबत करायचा. त्यानं आशेनं विचारलं, "बेसी म्हणजे घोडी का हो?"

"रणगाडा. छोटा, दोन माणसांचा."

कॅप्टनचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. यंत्रांनी घोड्यांच्या पोटावर पाय आणला, हे त्याचं जुनं दुखणं.

मार्थानं भराभर सांगून टाकलं. डर्बीशायरच्या डोंगरात हॅदरस्लॅक गाव. तिथं तिच्या बापाचा ट्रॅक्टरचा कारखाना. महायुद्धात पोरं काटेरी तारांत अडकून मेलेली बापानं डोळ्यांनी पाहिली होती. तेव्हापासून एकच ध्यास: छातीएवढ्या उंचीची, पोलादी अंगाची, साखळपट्ट्यांवर धावणारी हलकी गाडी, जी दोन माणसांना गोळ्यांच्या पावसातून जिवंत परत आणेल. बाप दोन वर्षांपूर्वी गेला. उरलेलं काम लेकीनं पुरं केलं. उद्या बुधवारी अकराला लष्कराची समिती चाचणी घ्यायला येणार होती.

"आणि काल, सोमवारी, सकाळी सहाला सिलस ऑल्सॉप रोजच्यासारखी गाडी बाहेर घेऊन गेला. माझा चाचणीचालक. सातला ती जुन्या दगडखाणीत उलटी पडलेली सापडली. सिलस शेजारी पाण्यात. मेलेला. हवालदार म्हणतो सुकाणू निकामी झालं. समितीतला एक मेजर रविवारीच गावात येऊन बसलाय, त्यानं तसा अहवालही खरडला. उद्या तो वाचला की संपलं. कारखान्याला कुलूप. अडतीस माणसं रस्त्यावर. आणि सिलस गेला तो माझ्या गाडीच्या दोषानं, असं त्याच्या कबरीपर्यंत लोक बोलणार."

"आणि खरंच सुकाणू निकामी झालं असेल तर?" ग्रिमशॉनं शांतपणे विचारलं.

"तर मीच कुलूप लावीन. पण झालेलं नाही. पैज लावा."

ग्रिमशॉनं टोपी उचलली. वीस वर्षं रेल्वेचे अपघात तपासून निवृत्त झालेला हा बुटका, टकल्या गृहस्थ माणसांपेक्षा रुळांवर जास्त विश्वास ठेवायचा. "चल, कॅप्टन. टोस्ट खिशात घाल."

*

उतार पाहायला ते दुपारी पोहोचले. गवताळ टेकडीवरून गाडीवाट खाली येत होती आणि तळाशी डावीकडे वळत होती. वळणाच्या समोर दगडांचा मोठा ढीग. ढिगाच्या उजव्या अंगाला दहा पावलांची मोकळी जागा, आणि तिच्यापलीकडे थेट खाण.

ग्रिमशॉ गुडघ्यांवर बसला. साखळपट्ट्यांचे दोन समांतर ठसे ओल्या मातीत स्पष्ट उमटले होते. वळणापर्यंत सरळ, आणि मग छान गोलाई घेऊन उजवीकडे, खाणीकडे.

"कॅप्टन, काय दिसतं?"

"गाडी वळायला हवी होती डावीकडे, गेली उजवीकडे. म्हणजे सुकाणू बिघडलं. यात बघायचं काय?"

"सुकाणू तुटलं असतं तर गाडी कुठे गेली असती?"

"सरळ."

"सरळ काय आहे?"

कॅप्टननं दगडांच्या ढिगाकडे पाहिलं.

"आता डाव्या पट्ट्याचा ठसा बघ. साच्यात दाबलेल्या बिस्किटासारखा स्वच्छ. कुठे ओरखडा नाही, कुठे गवत उपटलेलं नाही. हा पट्टा अडला नाही, घसरला नाही. मोकळा फिरत गेला." ग्रिमशॉ उठला आणि गुडघे झटकून पुढे निघाला.

बेसीला साखळदंडांनी वर काढून खाणीच्या काठावर ठेवलं होतं. कॅप्टनला आवडो न आवडो, वस्तू नेटकी होती. डावीकडे चालकाची जागा, उजवीकडे बंदूकवाल्याची, प्रत्येकाच्या कुशीला पोलादी दार. उजवी बाजू पार चेपली होती. डावं दार उघडं होतं आणि त्याच्या बिजागरीत काहीतरी अडकलं होतं. ग्रिमशॉनं चिमट्यानं ते ओढून काढलं: बोटाएवढी अरुंद, तुटलेली चामड्याची वादी, तिला नखाएवढं पितळी बक्कल, त्यावर चिखलाखाली कसलंसं कोरीव काम.

"हत्यारांच्या पिशवीचा पट्टा असेल," कॅप्टन म्हणाला.

"असेल," ग्रिमशॉ म्हणाला आणि ती वादी पाकिटात ठेवली.

*

कारखान्याच्या शेडमध्ये बेसीची धाकटी बहीण उभी होती, दुसरा नमुना, अजून रंग न दिलेली. शेजारी मुख्य कारागीर एनॉक फ्रॉगॅट. सहा फूट उंच, तळहात म्हणजे फावडी, आणि चेहरा रात्रभर न झोपलेल्या माणसाचा.

कॅप्टननं खिळ्याला टोपी अडकवायला हात वर केला, तर खिळ्यावर आधीच ओटचं घडी घातलेलं पोतं लटकत होतं. मधोमध दबून त्याला खळगा पडला होता.

"त्याच्यावर नको, साहेब," एनॉक चटकन म्हणाला. "सिलसची गादी आहे ती. जेमतेम पाच फुटांचा गडी. गादी घेतल्याशिवाय समोरच्या फटीतून त्याला आभाळच दिसायचं. आम्ही त्याला चिडवायचो, बाळाला खुर्ची द्या म्हणून."

"काल सकाळपासून इथंच आहे?"

"मी साडेसहाला आलो तेव्हा खिळ्यालाच होती."

"तुमचं आणि सिलसचं भांडण झालं होतं म्हणे शुक्रवारी?"

एनॉकचा चेहरा लाल झाला. "झालं होतं. तो म्हणाला डाव्या दांड्याची खीळ सैल आहे. मी म्हणालो नाही. मग शनिवारी नवी घातली, माझ्या हातानं. काल रात्रभर मी छताकडे बघत पडलो होतो. माझी खीळ तुटली असली तर मी खुनीच की!"

"खीळ शाबूत आहे. मी पाहिली."

एवढा मोठा माणूस, पण खाली बसला आणि फावड्यासारखे हात तोंडावर घेऊन हमसून रडला. कॅप्टननं नजर दुसरीकडे वळवली. ग्रिमशॉनं मात्र त्याला थोडा वेळ देऊन पुढचा प्रश्न विचारलाच. "बेसीत चामड्याची वादी कुठे वापरली आहे?"

"चामडं? छे! तेलानं कुजतं. मिस मार्था चामडं आत येऊ देत नाहीत. सगळं जाड कापडाचं."

भिंतीवर खडूनं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: *उतारावर दांडा छातीपर्यंत. अर्धा ओढाल तर देवाला भेटाल. सिलस.*

"हे काय?" कॅप्टननं विचारलं.

मार्थाच्या डोळ्यांत पहिल्यांदाच मिश्कील चमक आली. "सांगून कळायचं नाही. चालवणार का? मागचा उतार छोटा आहे आणि खाली गवताची गंजी आहे."

"मी? या डब्यात?"

"भीती वाटते का?"

घोडदळातल्या माणसाला असं विचारलं की तो विहिरीतही उडी टाकतो. कॅप्टन चालकाच्या जागेत कोंबून बसला आणि मार्था शेजारी. सपाटीवर गंमतच वाटली. डावा दांडा जरासा ओढला की गाडी डावीकडे, उजवा ओढला की उजवीकडे. अगदी लगाम! मग उतार लागला. "डावीकडे घ्या," मार्था म्हणाली. कॅप्टननं दोन बोटांनी डावा दांडा अलगद ओढला, आणि ती अवदसा उजवीकडे वळली! त्यानं आणखी हळुवारपणे मनवून पाहिलं. ती आणखी उजवीकडे. धप्पकन सगळी स्वारी गंजीत.

"उलट्या काळजाची घोडी आहे ही!" कानातलं गवत काढत कॅप्टन गरजला.

मार्था हसून हसून लोटपोट झाली, आणि मग एकदम गंभीर झाली. "दांडा अर्धा ओढला की त्या बाजूचा पट्टा इंजिनापासून सुटतो. सपाटीवर सुटलेला पट्टा मागे पडतो, म्हणून गाडी त्याच बाजूला वळते. पण उतारावर इंजिनच गाडीला मागे धरून असतं. तिथं पट्टा सुटला की तो पुढे पळतो आणि नाक दुसरीकडे फिरतं. दांडा पार छातीपर्यंत ओढला तर ब्रेक लागतो, पट्टा जागीच थांबतो आणि गाडी मुकाट हवी तिकडे वळते. आमच्याकडची माणसं सगळी मुसळं. सगळेच हिसका मारतात, त्यामुळे कुणाची चूक होत नाही. सिलस तर पाय टेकवून ओढायचा."

"सिलस कधी कुणाला शेजारी बसवायचा?" ग्रिमशॉनं विचारलं.

"सगळ्यांना! म्हणायचा, बाहेरून बघणारा शिव्या देतो, आत बसणारा प्रेमात पडतो. समितीतला एक जरी माणूस आत बसला तरी काम फत्ते, हे तर दिवसातून दहादा. फक्त त्या व्हेलला, आमचे आराखडे मागणाऱ्या दलालाला, नाही. शनिवारी त्याच्यामागे पाना घेऊन धावला होता."

*

कॉर्टनी व्हेल गावातल्या 'ग्रे मेअर' सराईत ओटची पोळी आणि डुकराच्या मटणाचा रस्सा चापत बसला होता. गुळगुळीत माणूस, गुळगुळीत केस. एका मोठ्या मोटार कंपनीचा दलाल.

"दुःखद, फार दुःखद," तो म्हणाला. "मिस स्टॅनिफोर्थना मी आजच पुन्हा सांगितलं. आराखडे आम्हाला द्या आणि मोकळ्या व्हा."

"मढं घरात असताना?" कॅप्टन ताडकन म्हणाला.

"धंदा आहे, साहेब."

"सोमवारी सहा वाजता कुठे होता?" ग्रिमशॉनं विचारलं.

"अंथरुणात. साक्षीदार नाही, माझं दुर्दैव. पण मी त्या गाडीला हात कसा लावणार? तो बुटका मला दिसला की पाना उचलायचा."

"अशा गाड्या चालवता येतात तुम्हाला?"

"आमच्या कंपनीनं दोन बांधून मोडीत काढल्या. मी स्वतः चालवल्यात. आणि तुम्ही काय विचारणार तेही ठाऊक आहे. उतारावर अर्धा दांडा ओढला की उलटं वळतं, हे या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल." पोळीचा तुकडा त्यानं रश्शात बुडवला. "माझ्यावर संशय घ्या, पण मला मूर्ख तरी समजू नका."

मेजर ह्यू डेलमेअर सराईच्या तबेल्यात आपल्या तपकिरी घोडीला खरारा करत होता. त्याला पाहून कॅप्टनचं मन भरून आलं. ताठ कणा, कडक गणवेश, चकाकते उंच बूट. हा आपल्या जातकुळीचा!

"नोकराला का नाही सांगत?" कॅप्टननं विचारलं.

"घोडीला धन्याचाच हात लागावा," मेजर म्हणाला. "बघा हिचं तोंड. लगामाचा वळ नाही. तीस वर्षांत कुठल्या जनावराला मी दोन बोटांपेक्षा जास्त जोर लावलेला नाही."

"हात हलका पाहिजे!" कॅप्टन उद्गारला.

"हात हलका पाहिजे. ओढाताण करतो तो गाडीवान, स्वार नव्हे." मग ग्रिमशॉकडे वळून तो तुटकपणे म्हणाला, "त्या डब्याबद्दल माझं मत अहवालात आहे. सुकाणूवर भरवसा नाही. मी रविवारी संध्याकाळी फक्त परिसर पाहिला. त्या वस्तूच्या शंभर पावलांतही गेलो नाही, आत बसणं दूरच. सोमवारी लोक धावले तेव्हा त्यांच्यामागून खाणीवर गेलो."

"त्याआधी?"

"खोलीत. दाढी करत होतो."

परतताना कॅप्टन हळहळला. "बघितलंस, ऑबेड? एवढा खानदानी माणूस, आणि टाचेला घोडा हाकायचे काटे मात्र विजोड. डाव्या बुटाला नवा लोखंडी, उजव्याला जुना चांदीचा, वादीच्या बकलावर पलटणीचा कोल्हा कोरलेला. युद्धानं भल्याभल्यांना कंगाल केलं. माझ्या वेळी असं कुणी कवायतीला आलं असतं ना, तर कर्नलनं—"

ग्रिमशॉ थबकला. "कॅप्टन, तू नसतास तर मी काय केलं असतं रे?"

"म्हणजे?"

"काही नाही. जेवू या."

कॅप्टनला ताकास तूर लागू दिली नाही हो त्यानं.

*

बुधवारी अकराला शेडमध्ये सगळे जमले. समितीचे अध्यक्ष ब्रिगेडियर पॉन्सफर्ड, पांढऱ्या मिशांचे, घड्याळाकडे सारखे बघणारे. त्यांचे दोन सहकारी. मेजर डेलमेअर अहवाल काखेत घेऊन. शेजारी गावचा हवालदार. व्हेल दाराशी, गिधाडासारखा. मागे अडतीस कामगार, टोप्या हातात.

"मिस स्टॅनिफोर्थ," ब्रिगेडियर म्हणाले, "मेजरांचा अहवाल मी वाचला. चाचणीला अर्थ उरलेला नाही."

"आहे," मार्था म्हणाली. "आधी या गृहस्थांचं ऐका. ऐकल्याशिवाय तुम्हाला मी दाराबाहेर जाऊ देणार नाही."

"एनॉक, दार लाव," मागून कुणीतरी म्हणालं, आणि एनॉकनं खरोखरच लावलं.

ग्रिमशॉनं घसा साफ केला. "साहेब, फार वेळ घेत नाही. सिलस ऑल्सॉप मेला तेव्हा गाडी तो चालवत नव्हता."

शेडमध्ये कुजबुज उठली.

"ही त्याची गादी. पाच फुटांचा माणूस. हिच्याशिवाय त्याला समोरचा रस्ता दिसत नसे. सोमवारी ती खिळ्यालाच राहिली, कारण त्या दिवशी तो बंदूकवाल्याच्या जागेवर बसला होता. उजवीकडे, जी बाजू चेपली. चालकाच्या जागेवर दुसरा कुणीतरी होता, गादीची गरज नसलेला."

"मग सुकाणू?" ब्रिगेडियरनी विचारलं.

"शाबूत. सुकाणू तुटलं असतं तर गाडी सरळ दगडांच्या ढिगावर आपटून थांबली असती. पण ती उजवीकडे वळली, तीही डावा पट्टा मोकळा सुटल्यामुळे. ठसे अजून आहेत, स्वतः बघा. म्हणजे कुणीतरी डावा दांडा ओढला, पण अर्धाच. उतारावर अर्धा दांडा म्हणजे उलटी दिशा. कॅप्टन बॅरटना विचारा. काल ते गंजीत होते."

कामगारांत खसखस पिकली. कॅप्टन कानापर्यंत लाल झाला.

"आता प्रश्न असा, की समोर खाण दिसत असताना दांडा अर्धाच ओढील कोण? एनॉक? त्याचे हात बघा. शिवाय भिंतीवरचा नियम त्याच्या रोज डोळ्यांसमोर. व्हेलसाहेब? ते या धंद्यात मुरलेले, आणि त्यांना सिलसनं पान्याखेरीज काही दिलं नसतं. साधा अडाणी माणूस घाबरला तर काय करतो? जिवाच्या आकांतानं हिसका मारतो, आणि तसा हिसका मारला असता तर ब्रेक लागून गाडी वाचली असती. गंमत बघा, साहेब. अडाणी वाचला असता. इथं चुकणारा माणूस एकाच जातीचा. ज्यानं उभं आयुष्य हात हलका ठेवायला शिकण्यात घालवलं. संकटात सापडला की जो आणखी हळुवार होतो, कारण बिथरलेल्या घोड्याला ओढून चालत नाही."

कॅप्टनला आपली गंजीतली स्वारी आठवली. दोन बोटं. मनवून पाहणं. त्यानं मेजरकडे पाहिलं. मेजर समोरच्या भिंतीकडे बघत होता.

"गाडी काठाशी आली तेव्हा चालकानं डाव्या दारातून उडी मारली," ग्रिमशॉ पुढे म्हणाला. "टाच बिजागरीत अडकली. काट्याची ही वादी तिथं तुटून राहिली. बकलावर कोल्हा आहे. मेजर, तुमच्या उजव्या टाचेवरचं बक्कल साहेबांना दाखवता का? डाव्या टाचेवर तर नवाच काटा आहे."

कुणी हललं नाही. शेवटी कॅप्टन बॅरटच पुढे झाला आणि एका गुडघ्यावर वाकून मेजरच्या बुटाकडे त्यानं पाहिलं. तोच कोल्हा.

"होतो मी तिथं," मेजर घोगऱ्या आवाजात म्हणाला. "पहाटे फिरायला निघालो, त्यानं गाडी थांबवली. म्हणाला, साहेब, एकदा चालवा, मग शिव्या द्या. उतारावर ओरडायला लागला, छातीपर्यंत ओढा, छातीपर्यंत! एक तबेल्यातला पोऱ्या शोभेल असा माणूस मला हात शिकवत होता. मला वाटलं, धसमुसळेपणा कशाला..." तो थांबला. "मग उशीर झाला."

"उशीर झाला तो तुम्हाला नाही," कॅप्टन म्हणाला. "घोडा पडला तर स्वार आधी बघतो, खाली कोण सापडलंय. हे आपल्याला पहिल्या वर्षी शिकवतात, मेजर. तुम्ही उडी मारलीत ते मी माफ करीन, भीती कुणाला चुकलीय? पण नंतर खोलीत बसून सुकाणूवर भरवसा नाही असं लिहिलंत? मेलेल्या माणसाच्या छातीवर कागद ठेवून?"

मेजरनं अहवाल टेबलावर ठेवला. पण माणूस वाकला तरी मोडला नव्हता. "जे केलं त्याची शिक्षा भोगीन. पण अहवालात खोटं काय आहे, साहेब? जी वस्तू एकदा आज्ञा पाळते आणि एकदा उलटते, ती सैनिकाच्या हाती देणार? घोडा असं करत नाही."

ब्रिगेडियर मिशांवरून हात फिरवत राहिले. "यात मात्र तथ्य आहे, मिस स्टॅनिफोर्थ. तुमच्या माणसाचं नाव साफ झालं, मला आनंद आहे. पण गाडी—"

"गाडीचं काय?" मार्था उसळली. "तुमचे घोडे लाथा मारत नाहीत? बंदूक धक्का देत नाही? तिला खांद्याशी घट्ट धरा असं शिकवता की नाही? आम्ही भिंतीवर लिहिलंय. जो वाचील तो जगेल! उद्याच्या लढाईत पोरं पुन्हा तारांत अडकतील, तेव्हा त्यांना हा हलका हात पाठवणार आहात का?"

ती वळली. खिळ्यावरची गादी काढून तिनं चालकाच्या जागेवर ठेवली. तिला गरज नव्हती, चांगली उंच बाई. मग ती धाकट्या बेसीत चढून बसली.

"तोच उतार, तेच वळण. तुम्ही सगळे काठावर उभं राहून बघा. एक जागा रिकामी आहे. समितीतून कोण येतंय?"

समितीला एकदम आपापल्या बुटांची टोकं फार बघण्यासारखी वाटू लागली. व्हेल तर खांबामागे गेला.

"सरा बाजूला," कॅप्टन लायनेल बॅरट म्हणाला आणि उजव्या दारातून आत शिरला. यंत्राचा त्याला अजूनही तिटकारा होता. पण सिलसच्या जागेवर घोडदळातल्या कुणीतरी बसायला हवं होतं, नाहीतर हिशेब कसा पुरा व्हायचा?

एनॉकनं दार उघडलं. अडतीस माणसं टेकडीवर धावली.

उतार लागला तशी कॅप्टनला समोरच्या फटीतून सगळी वाट दिसली. दगडांचा ढीग, त्याच्या उजवीकडची मोकळी जागा, आणि तिच्यापलीकडे नुसतं आभाळ. सोमवारी सिलसला हेच दिसलं असणार, आणि हात बांधल्यासारखा तो ओरडत राहिला असणार. गाडीनं वेग धरला. कॅप्टनची डाव्या हाताची दोन बोटं आपोआप हलली. घोडदळातली सवय, मरताना सुटेल. वळण आलं, मार्था अजून काही करेना.

"ओढा!" कॅप्टन ओरडला. "छातीपर्यंत ओढा!"

मार्थानं पाय रोवले आणि डावा दांडा दोन्ही हातांनी छातीशी आणला. डावा पट्टा करकचून थांबला, गवताचे लपके उडाले, आणि धाकटी बेसी जागच्या जागी डावीकडे फिरून वाटेवर आली. खाणीची कड उजव्या बाजूनं मागे गेली.

वरून जो आरडाओरडा झाला तो इंजिनाच्या आवाजातही ऐकू आला.

गाडी शेडपाशी परतली तेव्हा ब्रिगेडियर वाट बघत उभे होते. मेजर त्यांच्यामागे हवालदाराजवळ, टोपी हातात. "पुन्हा एकदा खाली न्याल?" ब्रिगेडियर म्हणाले. "या वेळी मी बसेन."

"नेईन," मार्था म्हणाली. "पण आधी अहवालात सिलसचं नाव नीट लिहा. काय झालं, कुणाच्या हातानं झालं, सगळं. ते झाल्याशिवाय माझं इंजिन सुरू होणार नाही."

ब्रिगेडियरनी तिच्याकडे एकदा पाहिलं, टेबलाशी जाऊन बसले आणि लेखणी मागितली.

मार्थानं गादी झटकून परत खिळ्याला लावली. "एनॉक," ती म्हणाली, "ही इथून कुणी हलवायची नाही." मग ती भिंतीपाशी आली. सिलसची खडूची अक्षरं खालच्या अंगाला पुसट झाली होती. तिनं ती पुन्हा गिरवली, त्याच्या नावासकट.